हत्यारांचें कपाट

लांकडी सामानाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं सिंहासनांविषयीं पुष्कळ लिहिलें आहे; पलंग, देव्हारे, मेजें, खुर्च्या यांचीहि त्यांनीं उपेक्षा केलेली नाहीं. परंतु ज्या हत्यारांनीं हें सर्व सामान घडलें तीं काम संपल्यावर कोठें ठेवलीं जात, या प्रश्नाकडे त्यांचें फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. आमचेंहि गेलें नसतें. गेल्या वर्षीं घरामागच्या पडवींत आम्हीं सुतारकामासाठीं एक लहानशी जागा केली, आणि रंधे, पटाशा, करवती पत्र्याच्या एकाच पेटींत एकमेकांवर पडून त्यांच्या धारा जाऊं लागल्या, तेव्हां त्यांच्यासाठीं एक कपाट करावें असें मनानें घेतलें. इतिहास शिकविण्यांत तीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास कोणतेंहि काम आरंभण्यापूर्वीं तें पूर्वीं कोणीं कसें केलें होतें हें पाहिल्यावांचून चैन पडत नाहीं. आराखडा काढावयास म्हणून बसलों तो आराखडा बाजूस राहिला, आणि आम्ही तीन महिने जुन्या पेट्यांच्या मागें हिंडत राहिलों. प्रस्तुत लेख हें त्या हिंडण्याचें फळ आहे.

वरवर पाहतां प्रश्न अगदीं साधा आहे: चार फळ्या, एक तळ, एक झांकण. पण विचार करूं लागलें म्हणजे एकमेकींच्या विरुद्ध जाणाऱ्या गरजा पुढें येतात. एका हत्याराची धार दुसऱ्यास लागतां कामा नये, म्हणून तीं दूर दूर ठेवावीं. हवें तें हत्यार न शोधतां हातीं यावें, म्हणून तीं जवळ जवळ ठेवावीं. रंधा जड व ठेंगणा, करवत लांब व पातळ, गिरमिटाचें पातें करंगळीएवढें. शिवाय ज्या मनुष्याच्या घरीं चोरानें नेण्यासारखें दुसरें कांहीं नाहीं त्याच्याजवळहि हत्यारें असतात, आणि चोरलेल्या हत्याराचे त्याच दिवशीं पैसे होतात. म्हणून कुलुपाचाहि विचार करावा लागतो. या सर्व गरजा एकदम पुऱ्या होत नाहींत. कोणती पुरी करावयाची व कोणती सोडून द्यावयाची हें ज्यानें त्यानें ठरवावें लागतें, आणि म्हणूनच पेटी उघडली म्हणजे तिच्या धन्याचें काम काय होतें व त्याला भय कशाचें होतें हें थोडेंबहुत वाचतां येतें.

हा विचार फार जुना आहे. १९२० सालीं ईजिप्तमध्यें थीब्ज येथें मेकेत्रे नांवाच्या एका मोठ्या अधिकाऱ्याच्या थडग्यांत हर्बर्ट विन्लॉक या संशोधकास लांकडाच्या लहान लहान प्रतिकृति सांपडल्या. त्या ख्रिस्तपूर्व २००० च्या सुमाराच्या आहेत. धान्याचें कोठार, गुरांची मोजदाद, विणकाम, होड्या असें त्या अधिकाऱ्याचें सारें वैभव त्यांत मांडलेलें आहे, आणि त्यांत सुतारांचें एक दुकानहि आहे. कोणी करवतीनें लांकूड कापतो आहे, कोणी वाकसानें तासतो आहे, आणि मध्यें हत्यारांची एक पेटी आहे. धन्याला परलोकीं सामान लागणार म्हणून सुतार आले, आणि सुतार आले म्हणजे त्यांची पेटी आली, हा हिशेब करणाऱ्यानें चुकूं दिला नाहीं.

खरोखरीची वापरांतली पेटी हातीं लागणें मात्र दुर्मिळ, आणि लागली तर ती बहुधा पाण्याच्या कृपेनें. बाल्टिक समुद्रांतील गॉटलंड या स्वीडनच्या बेटावर मेस्टरम्यूर नांवाची दलदल कोरडी करून शेतीखालीं आणली होती. १९३६ सालीं तेथें नांगराला एक ओकची पेटी अडकली. सुमारें एक हजार वर्षांपूर्वींची, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या काळची ही पेटी हाताच्या एका वितीहून फार रुंद नाहीं, पण लांबी जवळजवळ तीन फूट आहे, आणि बाहेरून तिला लोखंडी सांखळी गुंडाळलेली होती. आंत व भोंवतीं मिळून दोनशेंहून अधिक वस्तु निघाल्या. त्यांत कुऱ्हाडी, वाकस, करवती, कानशी, गिरमिटांचीं पातीं अशीं सुताराचीं हत्यारें आहेत, तशींच लोहाराचींहि आहेत. यावरून त्या माणसाचा धंदा एकच नव्हता असें दिसतें; लांकूड, लोखंड, दोन्ही त्याच्या हाताखालून जात. खण, कप्पे, तबकें यांचा त्या पेटींत पत्ता नाहीं. लांबट आकार पाहून मात्र आम्हांस असें वाटतें कीं, ही पेटी घरीं ठेवण्यासाठीं नव्हे, वाहून नेण्यासाठीं केली असावी.

दुसरें उदाहरण 'मेरी रोझ' या इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या युद्धनौकेचें. ती १९ जुलै १५४५ रोजीं पोर्टस्मथजवळ बुडाली, आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजीं तिचा उरलेला सांगाडा वर काढण्यांत आला. तींत जहाजाच्या सुतारांची खोली व त्यांच्या पेट्या सांपडल्या. समुद्राच्या खाऱ्या पाण्यानें लोखंड खाऊन टाकलें होतें. रंध्यांचे लांकडी ठोकळे, हत्यारांच्या मुठी व दांडे तेवढे गाळांत टिकले. हत्यार गेलें आणि मूठ राहिली! त्याच खोलींत सोंगट्यांच्या खेळाचा एक जडावाचा पट निघाला हें वाचून आम्हांस त्या सुतारांविषयीं एकाएकीं जवळीक वाटूं लागली. तोफांच्या गलबतावरहि सुताराला संध्याकाळ असतेच.

आतां ज्या पेटीमुळें आमचे तीन महिने गेले तिच्याकडे वळूं. अठराव्या शतकांतील इंग्लंडांत सुताराच्या पेटीला एक ठराविक रूप आलें होतें. कारखान्यांत काम करणाऱ्या कारागिरास लांकूड, सरस व कामाचें बाक धनी देई. हत्यारें मात्र बहुधा कारागिरानें स्वतःचीं आणावयाचीं. हत्यारें नाहींत त्याला काम नाहीं, आणि हत्यारें आहेत त्याला एका धन्याशीं पटलें नाहीं तर पेटी उचलून दुसऱ्याकडे जाण्याची मुभा. पेटी ही अशा रीतीनें त्याची मालमत्ता, त्याचें प्रशस्तिपत्र आणि त्याचें स्वातंत्र्य, तिन्ही होती. ती बाहेरून अगदीं साधी, रंग दिलेली, कोपरे बळकट सांध्यांचे, तळाशीं व झांकणाशीं जाड पट्ट्या. आंत तळावर रंधे, एका बाजूस करवतींचा उभा कप्पा, आणि वर दोन-तीन सरकतीं तबकें, एकाहून एक अधिक उंचीवर बसविलेलीं, म्हणजे वरचें मागें सारलें कीं खालचें दिसावें. ही पेटी घेऊन जाणें एकट्याचें काम नव्हतें, आणि चोराच्या दृष्टीनेंहि तें सोयीचें नव्हतें.

पेटी गेली तर काय होई, हें एका कोरड्या गोष्टीवरून कळतें. सुतारांच्या कारखान्यांत जमिनीवर भुसा व छिलके, आणि कोपऱ्यांत सरस वितळविण्यासाठीं विस्तव. आग लागावयास आणखी काय पाहिजे? आगींत धन्याची इमारत जळे आणि कामगारांचा संसार जळे. १८६० सालीं इंग्लंडांत सुतार व जोडकाम करणाऱ्यांचा एकत्रित संघ स्थापन झाला. रॉबर्ट ॲपलगार्थ हे पुढें त्याचे चिटणीस होते. त्या संघाच्या सभासदांस ज्या मदती मिळत त्यांत आजारीपणाची, म्हातारपणाची, मृत्यूची मदत होतीच. परंतु आगीनें किंवा चोरीनें हत्यारें गेल्यास भरपाईहि होती. हत्यारें जाणें हें आजारीपण व मृत्यु यांच्याच ओळींत बसविलें होतें. कामगार चळवळीवरील ग्रंथांत संपांना व सभांना प्रकरणेंच्या प्रकरणें मिळालीं आहेत. या एका कलमाकडे अधिक लक्ष जावयास हवें होतें असें आम्हांस वाटतें.

१५ डिसेंबर १७९६ रोजीं केंट परगण्यांतील जोसेफ सीटन या गृहस्थानें लंडनमधील ख्रिस्टोफर गॅब्रिएल या रंधे करणाऱ्या व हत्यारें विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून आपल्या मुलासाठीं हत्यारांचा एक संपूर्ण संच विकत घेतला. मुलाचें नांव बेंजामिन. रंधे स्वतः गॅब्रिएलचे, करवती शेफील्डच्या केनियन यांच्या. एकंदर सुमारें दोनशें हत्यारें. बेंजामिननें या हत्यारांसाठीं पेटी केली आणि आंतील वस्तूंची यादी लिहिली. पेटी पुरी झाल्याची तारीख १५ एप्रिल १७९७ आहे, म्हणजे बरोबर चार महिने. पेटी टिकली, हत्यारें टिकलीं, आणि ज्या कागदावर हें सर्व लिहिलें तो कागदहि टिकला. तिन्ही गोष्टी एकत्र टिकल्याचें असें दुसरें उदाहरण त्या काळांतलें मिळणें कठीण. आज ती पेटी रॉचेस्टर येथील गिल्डहॉल संग्रहालयांत आहे, आणि इंग्लंडांतील हत्यारांच्या इतिहासाला वाहिलेल्या एका मंडळानें १९९४ सालीं तिच्यावर एक पुस्तक प्रसिद्ध करून पुढें २०१२ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति काढली.

पेटीची योजना पाहण्यासारखी आहे. बाहेरून ती इतर पेट्यांप्रमाणेंच साधी. झांकण उघडल्यावर मात्र आंतील तबकांवर व कप्प्यांवर उंची लांकडाच्या पातळ पापुद्र्यांची नक्षी दिसते. हें उलटें कां? आमच्या मतें याचें कारण असें कीं, बाहेरची बाजू रस्त्याला व गाडीच्या दांड्याला दिसते. आंतली बाजू धन्याला व शेजारच्या बाकावरच्या सोबत्याला. नव्या कारखान्यांत पहिल्या दिवशीं पेटी उघडली म्हणजे तोंडानें कांहीं सांगावें लागत नसे. आणखी एक गोष्ट: बेंजामिनच्या पुढें सर्व हत्यारें प्रत्यक्ष मांडलेलीं होतीं. कोणता रंधा किती लांब, कोणत्या करवतीची मूठ किती जाड, हें त्याला अंदाजानें ठरवावें लागलें नाहीं. त्यानें आधीं हत्यारें पाहिलीं, मग जागा ठरविल्या, मग फळ्या कापल्या. आणि त्या फळ्या ज्यांनीं कापल्या त्यांत हीच हत्यारें असावींत. करवतीनें आपलें घर आपणच कापलें म्हणावयाचें.

एका कारागिराची इतकी परिपूर्ण माहिती मिळाली म्हणून अभ्यासकांना झालेला आनंद आम्हांस समजतो. त्या काळांत करवतीच्या दात्यांना कसा आकार देत, पटाशीचें पातें किती लांब असे, रंध्याची मूठ कशी बसवीत, हें येथें शंकेवांचून पाहतां येतें. पण असें कां पाहतां येतें? कारण यांतील बहुतेक हत्यारांवर वापराच्या खुणा फार थोड्या आहेत. पटाशी वापरली म्हणजे बोथट होते; बोथट झाली म्हणजे घांसावी लागते; घांसली म्हणजे आंखूड होते. रोज काम करणाऱ्याची पटाशी कांहीं वर्षांत निम्मी होई आणि शेवटीं टाकून दिली जाई. करवतीचे दाते कानशीनें पुन्हां पुन्हां पाजळून पातें अरुंद होत जाई. सीटनचीं हत्यारें पूर्ण लांबीचीं राहिलीं याचा अर्थ त्यांनीं फारसें काम केलें नाहीं. आपणांस अठराव्या शतकांतील सुताराची जी सर्वोत्तम पेटी उपलब्ध आहे ती जिचा उपयोग कमींत कमी झाला अशी आहे.

जिचा उपयोग झाला तिची कथा निराळी. धनी मेला म्हणजे त्याची विधवा किंवा मुलगा हत्यारें विकी. घेणारा आपलें नांव ठोकी. जुन्या इंग्रजी रंध्यांच्या तोंडाशीं एकाखालीं एक अशीं दोन, तीन, कधीं त्याहून अधिक नांवें ठोकलेलीं आढळतात, तीं या हस्तांतराचीं. एक संच फुटून पांच पेट्यांत जाई; रिकाम्या पेटींत धान्य किंवा घोंगड्या भरल्या जात, आणि शेवटीं ती चुलींत जाई. इतिहासकारापुढें जो पुरावा येतो तो अशा रीतीनें आधींच चाळला गेलेला असतो, आणि चाळणीच्या वर राहतें तें बहुधा सुस्थितींतलें, हौसेचें, बापानें रोख पैसे देऊन घेतलेलें. आम्हीं वर्गांत राजांच्या सनदांविषयीं हीच गोष्ट अनेकदां सांगितली असेल. पण ती खरोखर आमच्या ध्यानांत आली ती एका पटाशीच्या लांबीवरून. बेंजामिनविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं. चार महिने खपून केलेल्या त्या कामांत आळसाला कोठेंहि जागा नाहीं. मात्र त्याच्या पेटीवरून त्याच्या शेजाऱ्याच्या पेटीची कल्पना करूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

याच्या अगदीं उलट टोंकाला अमेरिकेंतील हेन्री ओ. स्टडली यांचें भिंतीवरचें कपाट आहे. स्टडली यांचा जन्म १८३८ चा, मृत्यु १९२५ चा. यादवी युद्धांत ते उत्तरेकडील सैन्यांत होते व टेक्सासमध्यें गॅल्व्हेस्टन येथें कैद झाले. पुढें मॅसाच्यूसेट्समध्यें ऑर्गन व पियानो तयार करणाऱ्या कारखान्यांत त्यांनीं आयुष्य काढलें. त्यांचें कपाट मिटलें असतां सुमारें सव्वातीन फूट उंच, वीस इंचांच्या आंत रुंद आणि दहा इंचांच्या आंत जाड असतें. तें पुस्तकाप्रमाणें उघडतें, आणि उघडल्यावर आंतील फळ्या बिजागऱ्यांवर बाहेर येऊन मागें आणखी एक थर दिसतो, कोठें त्याहि मागें दुसरा. एवढ्याशा जागेंत अडीचशेंहून अधिक हत्यारें बसविलेलीं आहेत. मॅहॉगनी, शिसवी, आबनूस, हस्तिदंत व मोत्याचा शिंपला हे जिन्नस पाहून थक्क व्हावें. पण पियानोच्या कारखान्यांत आबनूस व हस्तिदंत यांचा तुटवडा नव्हता, हें आठवलें म्हणजे थक्क होणें थोडें कमी होतें. प्रत्येक हत्यारासाठीं त्याच्याच आकाराचें कोंदण आहे. एखादें कोंदण महिरपीचें, एखादें खांबांचें, जणूं प्रत्येक पान्हा व पटाशी म्हणजे एकेक मूर्ति.

१९८८ सालीं 'फाइन वुडवर्किंग' या मासिकांत त्याचें छायाचित्र आलें, आणि तेव्हांपासून जगांतील हौशी सुतारांच्या भिंतींवर तें चित्र लागलें. कांहीं काळ तें स्मिथसोनियन संग्रहालयांत होतें. मे २०१५ मध्यें आयोवांतील सीडर रॅपिड्स येथें तें लोकांना पाहावयास ठेविलें होतें, त्याच वर्षीं डॉन विल्यम्स यांचें त्यावरील पुस्तक निघालें. त्याच्या कारागिरीविषयीं दुमत होणें शक्य नाहीं. तरी आम्हांस त्यासमोर बसून काम करावयास सांगितलें तर आम्ही नाहीं म्हणूं. एक हत्यार घ्यावयाचें तर आधीं दुसऱ्या फळीला वाट द्यावी लागते. आणि त्यांत एखाद्या नव्या हत्यारास जागा करणें म्हणजे पुऱ्या झालेल्या श्लोकांत एक अक्षर घालण्याइतकें अवघड. ज्याला यापुढें नवें कांहीं घ्यावयाचें नाहीं अशा माणसाचें तें कपाट आहे. अर्थात् त्या माणसानें तोपर्यंत काय काय घेतलें होतें हें पाहिलें म्हणजे आमची टीका आम्हांसच जरा लहान वाटते.

जपानांत याच प्रश्नाला अगदीं वेगळें उत्तर मिळालें. तोशिओ ओदाते यांनीं १९८४ सालच्या आपल्या पुस्तकांत जपानी सुतारांच्या हत्यारांचें व त्यांच्या परंपरेचें वर्णन केलें आहे. तेथील कारागिराची पेटी खिळे ठोकलेल्या साध्या फळ्यांची असते, आणि झांकण सरकवून पाचर मारली कीं बंद होतें. हत्यारें उत्कृष्ट, पेटी साधी. पेटी सजविण्यांत गेलेला वेळ कामाच्या वेळांतून गेला, असा हिशेब तेथें असावा.

घरगुती सुतारकामाची गोष्ट मात्र या सर्वांहून थोडी निराळी आहे, कारण घरच्या कारागिरास हत्यारें घेऊन कोठें जावयाचें नसतें. पेटीच्या आकाराचें मुख्य कारणच नाहींसें झालें. 'द वुडवर्कर' हें मासिक इंग्लंडांत १९०१ सालीं निघालें, आणि पुढें चार्ल्स हेवर्ड हे दीर्घकाळ त्याचे संपादक होते. कारखान्यांत सुतारकाम शिकलेल्या या संपादकानें घरच्या घरीं काम करणाऱ्या कारकुनांना व शिक्षकांना कांहीं दशकें हातांत हात धरून शिकविलें. अशा मासिकांतून पेटीबरोबर भिंतीवरच्या कपाटाचे आराखडेहि येऊं लागले. लहान घरांत जमिनीवरची जागा महाग, भिंत रिकामी. वांकून तबकें सरकविण्यापेक्षां उभ्यानें हात पुढें करणें सोपें. उलट पक्षहि आहे. २०११ सालीं क्रिस्टोफर श्वार्झ या अमेरिकन लेखकानें जुन्या इंग्रजी पेटीचा जोरानें पुरस्कार केला: सुमारें पन्नास चांगलीं हत्यारें पुरेत, तीं पेटींत मावतात, आणि पेटी भरली म्हणजे नवें घेण्याचा मोह आपोआप आटोपतो. मोहाविषयींचें त्यांचें म्हणणें आम्हांस पटलें. कंबरेविषयीं त्यांनीं आमच्या वयाचा विचार केलेला नव्हता.

तेव्हां आम्हीं कपाट करण्याचें ठरविलें. सीटनच्या पद्धतीप्रमाणें जमिनीवर मोठा कागद पसरून सर्व हत्यारें त्यावर मांडलीं व पेन्सिलीनें त्यांच्या बाह्यरेषा काढल्या. चार फूट उंच, तीन फूट रुंद, एक फूट खोल; दारें पोकळ व जाड, म्हणजे त्यांच्या आंतल्या बाजूस करवती व गुण्ये टांगतां यावे; मध्यभागीं रंधे, थोडे तिरपे ठेवलेले, आणि खालीं तीन खण. वाडा पाडणाऱ्याकडून जुन्या सागवानी तुळया घेतल्या व चिरून आणल्या. प्रत्येक पटाशीस तिच्याच मापाची खांच आंखली. कागदावर तें फारच सुंदर दिसत होतें.

आमच्याकडे वर्षानुवर्षें काम करणारे एक म्हातारे सुतार आहेत. त्यांचीं स्वतःचीं हत्यारें किंतानाच्या पोत्यांत असतात. पटाशांच्या धारांना जुन्या सायकलच्या ट्यूबचीं टोपरीं घातलेलीं. आराखडा पाहून त्यांनीं प्रथम वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलें. पारव्याच्या शेपटीसारखा जो सांधा करतात त्याच्या शेपट्या आम्हीं आडव्या फळ्यांवर आंखल्या होत्या. "साहेब, हें टांगायचं ना? मग शेपट्या उभ्या फळीला करा. नाहींतर वजनानं तळ हळूहळू खालीं निसटेल." हें आम्हांस एकाहि पुस्तकांत इतक्या थोडक्यांत सांगितलेलें आढळलें नव्हतें. मग त्यांनीं पटाशांच्या खांचांकडे पाहिलें आणि आपल्या पोत्यांतून एक पटाशी काढून आमच्या नव्या पटाशीशेजारीं ठेविली. दोन्ही एकाच मापाच्या, एकाच कारखान्याच्या. त्यांची बोटभर उरलेली. "आज बरोबर बसेल. पण काम केलंत तर ही अशी होणार. मग त्या खांचेंत ती नुसती लोंबेल."

आम्हीं खांचा खोडल्या. तेथें आतां एक आडवी पट्टी आहे, तींत भोंकें, आणि भोंकांत मुठीच्या आधारानें पटाशा उभ्या राहतात. पातें कितीहि आंखूड झालें तरी अडत नाहीं. पुढें एक पातळ फळी, म्हणजे धार हातास लागूं नये. उजव्या बाजूचा एक हातभर भाग कांहींहि न आंखतां मोकळा ठेविला. कपाट भिंतीवर टांगण्यासाठीं तिरप्या कापलेल्या दोन पट्ट्या केल्या: एक भिंतीला स्क्रूनें पक्की, तिरपी धार वर, दुसरी कपाटाच्या पाठीला, तिरपी धार खालीं, वजनानें एक दुसरीला अधिकच घट्ट धरते. हत्यारांसह तें उचलण्यास चार माणसें लागलीं असतीं, म्हणून आधीं रिकामें टांगलें व मग भरलें. या सर्वाला पांच महिने लागले; बेंजामिन सीटनहून एक महिना अधिक, आणि नक्षी मुळींच नाहीं.

पावसाळ्यासाठीं प्रत्येक खणांत कापराची एक पुडी ठेविली आहे आणि पात्यांना तेलाचा हात फिरविला आहे. गंज अद्याप आलेला नाहीं. मात्र आषाढांत तळचा खण फुगून बसला. लांकूड लांबींत वाढत नाहीं, रुंदींत वाढतें, हें आम्हांस पाठ होतें. तरी खणाच्या उभ्या फळीला वर जेवढी फट ठेवावयास हवी होती तेवढी आम्हीं ठेविली नव्हती. रंधा मारून मोकळा करावा म्हणून तो ओढून काढूं लागलों, तों म्हाताऱ्या सुतारांनीं हात धरला. आतां तासाल तर हिवाळ्यांत खुळखुळेल, असें त्यांचें म्हणणें पडलें. कार्तिकापर्यंत थांबण्याचें ठरलें आहे. कानशी त्या खणांत आहेत, आणि तूर्त त्यांच्याकडूनच उसन्या आणून आमचें काम चाललें आहे.